जीप का सुरू होईना?

वापरल्याने वस्तू झिजते, हे आपण सारेच जाणतो. विळ्याचे पाते घासून घासून अरुंद होते, वहाणेचा तळ विरतो, जात्याला पुन्हा टाकी लावावी लागते. परंतु न वापरल्यानेही वस्तू बिघडते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. बंद घराची कडी गंजते, वर्षानुवर्षे खुंटीला टांगलेल्या मोटेचे चामडे तडकते, न उघडलेल्या कुलपात किल्ली फिरत नाही. आपण समजतो की आपण ती वस्तू जपून ठेवली आहे. खरे पाहता आपण ती नुसती ठेवलेली असते. ठेवणे आणि जपणे यांत किती अंतर आहे, हे मला एका जुन्या जीपगाडीने शिकवले.

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडी हे गाव लागते. ते माझे आजोळ. गावाचे शिवार काळ्या मातीचे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते. एकदा का बैलगाडीचे चाक तिच्यात रुतले की चार माणसांनी खांदा दिल्यावाचून ते निघत नाही. अशा शिवारात माझ्या आजोबांनी सरकारी लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव. चिखलातून, ओढ्यातून, बांधावरून ती सारखीच धावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा भाकरी, घोंगड्या आणि पाण्याचे कॅन भरून आजोबा हीच जीप घेऊन सास्तूरच्या बाजूला गेले होते. त्यानंतर घरातले कोणी तिला नुसती गाडी म्हणत नसे. ती घरातलेच एक माणूस झाली होती.

जीपगाडीचा जन्मच मुळी अडचणीतून वाट काढण्यासाठी झालेला आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला खाचखळग्यांतून आणि चिखलातून धावणारी हलकी गाडी तातडीने हवी होती. नमुन्याची गाडी अवघ्या ४९ दिवसांत बांधून द्यावी, अशी अट होती. बँटम नावाच्या एका लहानशा कारखान्याने ती अट पाळली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गाडी सैन्याच्या हवाली केली. पुढे दुसरे महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. साध्या मोटारीत इंजिनाचे बळ दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये ते चारही चाकांना देता येते. दोन चाके रुतली, तरी उरलेली दोन तिला ओढून बाहेर काढतात. युद्ध संपल्यावर ही गाडी रणांगणातून शेतात आली. आपल्या देशातही १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली आणि कालांतराने त्या येथेच बनू लागल्या. पोलीस, वनखाते, पाटबंधारे खाते आणि शेतकरी या सर्वांच्या दारी ती पोहोचली.

आजोबा वारले आणि जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोपीत उभी राहिली. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. दर खंडेनवमीला मामा विळे, कुऱ्हाडी, नांगर यांच्याबरोबर तिचीही पूजा करीत, तिच्या पुढच्या जाळीला झेंडूची माळ बांधीत. पण तिला बाहेर काढण्याचे कोणाला सुचले नाही.

काही वर्षांपूर्वी मी नवरात्रात तामलवाडीस गेलो होतो. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरच्या बाजूने हजारो भाविक पायी तुळजापूरला भवानीच्या दर्शनास जातात. दिवसरात्र रस्ता माणसांनी फुललेला असतो. वाटेवरच्या गावांतील लोक त्यांना पाणी, चहा, फराळ देतात. त्या वर्षी मामांनी पाण्याचा मांडव घालायचे ठरवले होते. पाणी मळ्यातल्या विहिरीचे, आणि मळा ओढ्यापलीकडे. पाऊस नुकताच ओसरला होता, ओढ्याची वाट चिखलाने भरली होती आणि गावातले सगळे ट्रॅक्टर सोयाबीनच्या मळणीत गुंतले होते. पाण्याचा गाडा ओढून आणायचा कोणी, हा प्रश्न पडला. तेव्हा मामांची नजर खोपीकडे गेली.

दसऱ्याच्या सकाळी मामांनी जीपमध्ये बसून किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एक बारीक आवाज झाला. पुढे काहीच नाही. मग गावाचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे, उतारावरून ढकला. कोणी म्हणे, ट्रॅक्टरने दोरी बांधून ओढा. एकाने नवी बॅटरी आणायला सांगितली, दुसऱ्याने कार्ब्युरेटर बदलायला सांगितला. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, “तीन वर्षे उभी असलेली गाडी आता कसली चालते! वजनावर विका.” भंगारवाल्याने तर किंमतही सांगून ठेवली होती. मामा काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, “कोजागरीपर्यंत सुरू झाली तर ठेवीन. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येईल.” मामी पदराने जीपच्या दिव्यावरची धूळ पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी साऱ्या आयुष्यात जीपगाड्याच दुरुस्त केल्या होत्या. मामा त्यांना ‘उस्ताद’ म्हणत, पोरेटोरे ‘चाचा’ म्हणत. मला वाटले, आल्या आल्या ते पाना हातात घेतील. परंतु त्यांनी जीपला हातसुद्धा लावला नाही. ते खोपीच्या दारात बसले आणि प्रश्न विचारू लागले.

“मालक, गाडी उभी केली तेव्हा चालत होती ना?”

“उत्तम चालत होती. वडिलांनीच आणून लावली.”

“मग तेव्हापासून कोणी काही खोलले?”

“कोणीच नाही.”

“टाकीत पेट्रोल तेव्हाचेच?”

“तेव्हाचेच.”

चाचा समाधानाने हसले. “म्हणजे गाडी मोडलेली नाही, नुसती पडून राहिली आहे. पडून राहिल्याने काय काय होते, तेवढेच शोधायचे.”

त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि खोपीच्या भिंतीवर एकाखाली एक चार शब्द लिहिले : हवा, दाब, ठिणगी, पेट्रोल. मामांची बारा वर्षांची नात तेथेच घुटमळत होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, “बेटा, इंजिन चार कामे करते. हवा आणि पेट्रोल आत ओढते, ते दाबते, ठिणगीने पेटवते आणि जळलेला धूर बाहेर टाकते. या चार गोष्टी वेळेवर मिळाल्या की त्याला चालावेच लागते. ते रुसत नाही, हट्ट करीत नाही. चारांपैकी जे नाही, ते आपण शोधू. ज्याची खात्री पटेल, त्यापुढे तू खूण कर.” एवढे बोलून त्यांनी खडू तिच्या हाती दिला.

प्रथम त्यांनी बॉनेट उघडले. आत उंदरांनी संसार थाटला होता. हवेच्या गाळणीत चिंध्या आणि सोयाबीनची टरफले कोंबलेली होती; दोन तारांचे वेष्टन कुरतडलेले होते. मागे धुराच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. गाळणी धुतली, तारांना नवे वेष्टन केले, नळी मोकळी केली. नातीने ‘हवा’ या शब्दापुढे खूण केली.

यानंतर कोणीही किल्ली फिरवली असती. चाचांनी मात्र चारही सिलिंडरांचे प्लग काढले आणि प्रत्येक भोकात थोडे थोडे तेल सोडले. “आज एवढेच,” असे म्हणून ते उठले. मामा अस्वस्थ झाले. कोजागरीला आता चारच दिवस उरले होते. चाचा शांतपणे म्हणाले, “मालक, पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटल्या असतील. काल तुम्ही दोरी बांधून ओढली असती, तर त्या तुटल्या असत्या. तेलाला आत झिरपायला एक रात्र द्या. ते काम माझ्या बळाने होणार नाही.”

सकाळी त्यांनी जीपच्या पुढच्या भोकातून लोखंडी हँडल आत सरकवले. हँडल धरण्याची त्यांची रीत निराळी होती. चार बोटे आणि अंगठा त्यांनी एकाच बाजूला ठेवले होते. कारण विचारताच ते म्हणाले, “इंजिन कधी उलटा हिसका देते. अंगठा पलीकडून वळवलेला असला, तर मोडतो.” हँडल आधी हलेना, मग तसूभर सरले, मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करीत इंजिन फिरले. चाचांनी नातीला प्लगच्या एकेका भोकावर अंगठा दाबून धरायला सांगितले आणि स्वतः हँडल सावकाश फिरवले. चारही वेळा आतल्या हवेने तिचा अंगठा जोराने वर ढकलला. ती आनंदाने ओरडली. ‘दाब’ या शब्दापुढे खूण झाली.

आता ठिणगीची पाळी आली. जीपची बॅटरी तर पार निकामी झाली होती. शिशाची बॅटरी वापरली नाही, तरी आपोआप रिती होत जाते; आणि रित्या अवस्थेत फार दिवस राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर बसतो, मग ती पुन्हा नीट भरून घेत नाही. जीपला बारा व्होल्ट लागतात, याची चाचांनी खात्री करून घेतली आणि घरातल्या इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी काही काळापुरती आणवली. तारांच्या टोकांवरची हिरवट भुकटी खरवडून ती जोडली. एक प्लग तारेला लावून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला आणि हँडल फिरवले. ठिणगी दिसेना.

“झाले! हाच दोष,” मामा म्हणाले.

“एक दोष,” चाचा म्हणाले. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले. आत दोन लहानशा धातूच्या टिकल्या असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. त्या जुळतात आणि सुटतात, आणि सुटण्याच्या क्षणी ठिणगी पडते. तीन वर्षांत त्या टिकल्यांवर साय धरावी तसा बारीक थर धरला होता. वीज त्यातून जाईना. चाचांनी बारीक काचकागदाने तो थर पुसला आणि कोरड्या फडक्याने टिकल्या स्वच्छ केल्या. पुन्हा हँडल फिरवले, तेव्हा प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी चटकन चमकली. तिसरी खूण झाली.

पेट्रोलला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. ठिणगी पाहायची ती पेट्रोल उघडण्यापूर्वी, हा त्यांचा नियम. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण एका ठिणगीने भडकते. आता त्यांनी बॅटरीची तार सोडवली आणि टाकी रिकामी केली. बाहेर आलेल्या द्रवाला पेट्रोलचा वास नव्हता. जुन्या रोगणासारखा आंबूस दर्प होता. पेट्रोलमध्ये काही घटक फार हलके असतात. थंड इंजिन पेटते ते मुख्यतः त्यांच्याच वाफेने. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की ते उडून जातात आणि मागे राहिलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन राळेसारखा चिकट पदार्थ बनतो. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे टाकी आतून गंजण्याचे भय असते. चाचांनी टाकी धुतली, पेट्रोलची नळी बदलली, नवे पेट्रोल भरले आणि पंप हाताने दाबून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते की नाही, ते पाहिले. ते पोहोचत होते. सगळे पुसून कोरडे केल्यावर प्लग बसवले, बॅटरी जोडली आणि मामांनी किल्ली फिरवली.

इंजिन फिरले, खोकले, पण सुरू झाले नाही.

भोवती जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. भंगारवाल्याचा टेम्पो जणू सर्वांनाच दिसू लागला. नात भिंतीकडे पाहत उभी होती. ‘पेट्रोल’ या शब्दापुढे खूण करावी की नाही, हे तिला कळेना.

चाचांनी मुलांना दूर उभे केले, भिजवलेले पोते जवळ ठेवले, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलचे मोजके थेंब सोडले, डबा झाकून लांब नेऊन ठेवला आणि गाळणी पुन्हा बसवली. मामांनी किल्ली फिरवली. जीप गर्जली! दोन-तीन क्षण साऱ्या खोपीचा पत्रा थरथरला. आणि ती पुन्हा बंद पडली. लोक हळहळले. चाचांचा चेहरा मात्र उजळला.

“बेटा, यावरून काय कळले?” त्यांनी विचारले.

नात विचारात पडली. मग एकेक शब्द तोलीत म्हणाली, “वरून घातलेले पेट्रोल जळले. म्हणजे हवा ठीक आहे, दाब ठीक आहे, ठिणगीही ठीक आहे. पंपातून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येते, पण आत जात नाही. मग दोष कार्ब्युरेटरमध्येच असला पाहिजे.”

“शाबास!” चाचा म्हणाले. त्यांनी बॅटरीची तार पुन्हा सोडवली, कार्ब्युरेटर उतरवला, खोलला आणि त्यातून पितळेचा एक इवलासा तुकडा काढला. त्याला जेट म्हणतात. त्याला सुईच्या टोकाएवढे भोक असते. इंजिनाला लागणारे पेट्रोल त्यातूनच मोजून जाते. ते भोक त्या चिकट राळेने बुजले होते. चाचांनी ते पेट्रोलमध्ये भिजवले आणि तांब्याच्या केसासारख्या तारेने हलकेच मोकळे केले. पोलादी तार त्यांनी घेतली नाही. कारण तिने मऊ पितळेचे भोक मोठे होते आणि मग माप चुकते. त्यांनी जेट उजेडापुढे धरून नातीला दाखवला. त्या भोकातून आश्विनातले निळे आकाश दिसत होते. एवढ्याशा भोकावाचून ते सारे लोखंड अडून बसले होते!

कार्ब्युरेटर जागेवर बसला. किल्ली फिरली. जीप खोकली, शिंकली, सिलिंडरात सोडलेल्या तेलाचा पांढरा धूर तिने भरभरून सोडला आणि मग ठेक्यात चालू लागली. मामी आतून धावत बाहेर आल्या. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगवर नुसता हात ठेवला. नातीने चौथी खूण एवढ्या जोराने केली की खडू मोडला.

तेवढ्यात मामांनी गाडी बाहेर काढण्यासाठी गिअरला हात घातला. चाचांनी त्यांचे मनगट धरले. “मालक, सुरू होणे हे अर्धेच काम. गाडी थांबते का, ते आधी पाहू.” त्यांनी पुढचा सारा दिवस ब्रेकसाठी दिला. ब्रेकचे तेलही ओलावा शोषते. चाकांजवळच्या नळकांड्या आतून गंजल्या होत्या आणि रबरे कडक झाली होती. ती सोलापूरहून आणून बदलली, तेल नवे भरले, भेगाळलेला एक टायर बदलला आणि मगच जीप खोपीबाहेर आली. चालण्याची घाई सर्वांनाच होती. थांबण्याची काळजी त्या एकट्या वृद्धाने घेतली.

कोजागरीच्या रात्री चांदण्यात ओढ्याची वाट चकाकत होती. चारही चाकांचे बळ लावून जीप चिखलातून पाण्याचा गाडा ओढून आणी आणि मांडवामागे उभी राही. पहाटेपर्यंत तिने कितीतरी खेपा केल्या. अनवाणी चाललेली माणसे ओंजळीने पाणी पीत, तोंडावरून हात फिरवीत आणि पुढे जात. ते पाणी कसे आले, हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि तसाच रिकामा परत गेला.

निघताना चाचांनी नातीला वहीत चार गोष्टी लिहून दिल्या. गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत चालवावी. दीर्घकाळ ठेवायचीच झाली तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिते करावे. बॅटरी सोडवून अधूनमधून भरावी. धुराच्या नळीचे तोंड फडक्याने बांधावे आणि त्याची आठवण देणारी चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी, म्हणजे पुन्हा सुरू करताना ते सोडायचे राहणार नाही.

मला त्या चार सूचनांइतकेच भिंतीवरचे चार शब्द मोलाचे वाटतात. अडचण आली की आपण एक तर नशिबाला दोष देतो, नाहीतर एकाच वेळी दहा उपाय करू लागतो. मग चुकून काम झाले तरी कशाने झाले, ते कळत नाही. चाचांनी मात्र सोप्यापासून सुरुवात केली, एका वेळी एकच गोष्ट पाहिली आणि जे पाहिले ते नक्की करूनच पुढचे पाऊल टाकले. न सुटणाऱ्या गणितात चूक शोधताना किंवा वैद्य रोग्याची नाडी पाहतो तेव्हा, हीच रीत उपयोगी पडते.

त्याच हिवाळ्यात मळ्यातला विजेचा पंप अचानक बंद पडला. ज्वारीला पाणी द्यायचे होते. मामा त्रासून म्हणाले, “आता नवा पंप आणावा लागणार!” नात दप्तर खाली ठेवून विहिरीकडे गेली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, वीज मोटरपर्यंत येते आहे का?”